संदर्भासाठी जोडलेली फाइल

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या नाहीतर रोज चार ओळी लिहा. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि दुपारी डोकं टेबलाला टेकतं, म्हणून ही वही. काय लिहू विचारलं तर म्हणाले, मनात येईल ते. मनात काही येत नाही हीच तर तक्रार घेऊन गेलो होतो. पण डॉक्टरशी वाद कोण घालणार, बाहेर रांग होती.

तर. मी सरकारी वकिलांच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळतो. वरच्या मजल्यांवर वकील मंडळी खटले चालवतात, खटला संपला की फाइल खाली तळघरात माझ्याकडे येते. खून, मारामाऱ्या, अपघात, फसवणूक, वर काय आरडाओरडा केला असेल तो असेल, माझ्याकडे आली की सगळी मुकाट पडून राहतात. इतक्या वर्षांत मी एकही फाइल वाचलेली नाही. लोकांना खोटं वाटतं. वर्ष बघायचं, नंबर बघायचा, निकाल काय लागला तो बघायचा, नाडी बांधायची आणि मांडणीवर ठेवायची. वाचत बसलो असतो तर वेडा झालो असतो.

ही तिच्या बहिणीकडे गेली आहे. आठ दिवस म्हणून गेली, आता महिना होत आला. जाऊ दे, तिला बदल हवा होता. घर व्यवस्थित आहे. एकटा माणूस पसारा करून करून किती करणार.

जूनमध्ये जे झालं त्याबद्दल इथे लिहायचं नाही, असं ठरवून सुरुवात करतोय. बाकी काहीही चालेल.

६ फेब्रुवारी

नवं परिपत्रक आलं. साहेब स्वतः जिना उतरून घेऊन आले, म्हणजे भानगड मोठी. सुतळीने साहेबांचं नाव ‘उपरोक्त’ ठेवलंय, कारण ते घरी बायकोकडे चहाही ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ मागत असतील अशी त्याची खात्री आहे. सुतळी म्हणजे आमचा शिपाई. दिवसभर गठ्ठे बांधतो आणि स्वतःही तसाच बारीक, पिळदार आहे. हे नाव मी ठेवलेलं.

परिपत्रकाचा मतलब एवढाच की तळघरात जागा उरली नाही. आजवर असं होतं: आरोपी सुटले असतील तर फाइल ठरावीक वर्षांनी रद्द व्हायची आणि लगद्याच्या कारखान्यात जायची. पण वर्षभरात कुणी ती बघायला मागितली असेल तर तिला आणखी एक वर्ष मिळायचं. आता ते बंद. बाहेरच्या माणसाने फाइल बघितली काय, न बघितली काय, सारखंच. जुनी फाइल वाचणार ती एकाच रस्त्याने, दुसऱ्या एखाद्या खटल्याला संदर्भासाठी जोडली गेली तर. जोडली की ती त्या खटल्याची झाली. मुख्य फाइलचं जे होईल ते तिचं. बाकीचं सगळं पोत्यात, महिनाअखेरीला ट्रक.

सुतळीने वाचून घेतलं आणि म्हणाला, “दादा, मग आपल्या वार्षिक बाईंचं काय?”

“काय म्हणजे काय? नियम तो नियम.”

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. हल्ली हा असाच बघतो. मी डबा उघडला तरी बघतो.

११ फेब्रुवारी

वार्षिक बाई आली. दर वर्षी याच सुमाराला येते म्हणून हे नाव. वय झालंय, हातात कापडी पिशवी, जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते. मी इथे चिकटलो तेव्हापासून तिला बघतोय. तिचा मुलगा बसडेपोत मेकॅनिक होता. तिथल्याच भांडणात त्याला मारलं, तिघांवर खटला झाला, साक्षीदार फिरले, तिघेही सुटले. हे मी वाचलेलं नाही, कव्हरवर निकाल असतो आणि बाकीचं ती स्वतः सांगते. येते, अर्ज लिहिते, फाइल घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते, थोड्या वेळाने परत देते आणि जाते. एवढं केलं की फाइलला वर्ष मिळतं हे तिला कधीतरी कळलं, आणि तेव्हापासून तिने एकही वर्ष चुकवलेलं नाही.

आज फाइल घेऊन परत माझ्याच टेबलाशी आली.

“भाऊ, यंदा डोळ्यांनी दगा दिला बघा. मोतीबिंदू. तेवढं एक पान वाचून दाखवा.”

“आम्ही फायली वाचत नाही, बाई.”

“मग आज वाचा. काय बिघडतंय?”

काय बिघडणार. तिने बोटाने चाचपडत पान काढून दिलं, त्या पानाचा कोपरा हाताळून हाताळून मऊ पडलाय. डेपोच्या कँटीनमधल्या चहावाल्याची साक्ष. मी वाचलं: ‘मयत इसम त्या संध्याकाळी माझ्याकडे चहाला आला. तो म्हणाला, साखर कमी टाका, दाढ दुखतेय. मी म्हणालो, दाढ दुखतेय तर चहा पितोस कशाला. तो हसला व म्हणाला, चहा सोडण्यापेक्षा दाढच काढून टाकीन.’ पुढे चहावाल्याला मारामारीबद्दल विचारलंय, त्यावर त्याचं उत्तर, मी काही पाहिले नाही.

मी वाचत होतो तेव्हा तिचे ओठ हलत होते. अक्षर न् अक्षर बरोबर.

“तुम्हाला तर पाठ आहे,” मी म्हणालो. “मग एवढा जिना उतरून येता कशाला?”

“मला पाठ असून काय उपयोग? मी घरी म्हटलं तर सून म्हणेल, म्हातारी बरळते. हे कोर्टात शपथेवर सांगितलंय की नाही? की तो असं म्हणाला. त्याचं बोललेलं एवढंच शिल्लक आहे हो कुठेतरी.” मग पिशवी आवरत म्हणाली, “चहाचा भारी नाद होता मेल्याला. चला, येते पुढच्या वर्षी.”

“या,” मी म्हणालो.

परिपत्रकाचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं.

१३ फेब्रुवारी

वरच्या वकीलबाईंचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. सुतळीने उचलायला हात पुढे केला, त्याला म्हटलं, वाजू दे, थांबेल. थांबला.

१६ फेब्रुवारी

हिचा फोन आला. मी म्हटलं, जेवलीस का?

ती म्हणाली, “वकीलबाईंनी मला फोन केला होता. तुम्ही त्यांना काही कळवतच नाही म्हणे.”

पहिल्या दिवशीचा नेम मोडतोय, पण नाहीतर हे लिहिण्यात अर्थच नाही. जूनमध्ये पोराला गाडीवरून जाताना व्हॅनने उडवलं. व्हॅनवाला पळून गेला नाही. जवळजवळ आमच्या पोराच्याच वयाचा मुलगा आहे, रुग्णवाहिका येईपर्यंत रस्त्यावर त्याच्यापाशी बसून होता. आता तो गुन्हा कबूल करायला तयार आहे. कबूल केला तर शिक्षा थोडी कमी होणार, म्हणून आई-बाप दोघांचंही म्हणणं लेखी हवं. हिने तिचं केव्हाच दिलंय. माझं राहिलंय. मी दिलं की तो कोर्टात उभा राहून त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगणार. नाही दिलं तर रीतसर खटला, आणि आमच्याकडे रीतसर म्हणजे काय ते मला माहीत आहे.

ही म्हणाली, “आपला पोरगा शेवटी काहीतरी बोलला होता. त्या मुलाला माहीत आहे काय बोलला ते. मला ऐकायचंय.”

“बघू,” मी म्हणालो.

“आठ महिने बघताय.”

“बहीण काय म्हणते? गुडघा कसा आहे तिचा?”

फोन बंद झाला. रेंज गेली असेल. मी जेवून भांडी घासून ठेवली.

डॉक्टर विचारणार, तेव्हा काय वाटलं? काही वाटलं नाही. हातपाय चालतात, डोकं चालतं, मधल्या भागात कुणीतरी वायर काढून ठेवल्यासारखं आहे.

१८ फेब्रुवारी

रद्द करायच्या फायलींची यादी टाइप करतोय. कंटाळवाणं आणि चांगलं काम आहे. नंबर, वर्ष, निकाल, नंबर, वर्ष, निकाल. सुतळी पलीकडे पोती भरतो आणि पोत्याचं तोंड शिवताना जुनी गाणी गुणगुणतो, सगळी चुकीच्या चालीत.

दुपारी वार्षिक बाईच्या फाइलचा नंबर आला. टाइप केला. पुढचा टाइप करायला गेलो तर होईना. बोटं ठेवलेली होती, पण दाबली जाईनात. म्हटलं थकलो असेन. हात धुऊन आलो, चहा प्यायलो. चहा पिताना ‘साखर कमी टाका’ आठवलं, कारण नसताना. वाचायला नको होतं ते पान, म्हणून तर आम्ही वाचत नाही.

“सुतळ्या,” मी म्हणालो, “फाइल जोडायचा अर्ज कोण करू शकतो?”

“मला काय विचारता दादा, परिपत्रक तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे.”

काढून बघितलं. खटला चालवणारे वकील, किंवा मयताचे जवळचे नातेवाईक. आणि मुख्य खटला चालू असायला हवा.

मयताचे जवळचे नातेवाईक म्हणजे मी की! एवढं साधं असून डोक्यात यायला दुपार गेली. वर एक खटला चालू आहे आणि मी त्याचा नातेवाईक आहे. तो नंबर मला माहीत होता. कधी पाठ झाला कोण जाणे.

तिचा नंबर यादीतून खोडला. अजून अर्ज केलेला नाही, पण खोडला.

२० फेब्रुवारी

वर गेलो. जूननंतर पहिल्यांदाच. दोनच जिने आहेत, पण मधल्या वळणावर थांबून भिंतीवरची जुनी नोटीस पूर्ण वाचली.

वकीलबाई तरुण आहे, टेबलावर फायलींचा डोंगर आणि त्यात कुठेतरी ती. मला बघून उठूनच उभी राहिली.

“काका! या, बसा ना. बरं झालं आलात. तुमचं म्हणणं...”

“त्यासाठी नाही आलो,” मी म्हणालो आणि अर्ज पुढे केला. “ही जुनी फाइल तुमच्या खटल्याला जोडायची आहे.”

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. “काका, ही डेपोतल्या मारामारीची आहे. फार जुनी. तुमच्या... या प्रकरणाशी काय संबंध?”

“काही नाही.”

“मग कारण काय लिहू?”

“लिहा, संदर्भासाठी. संदर्भासाठी लिहिलं की कुणी काही विचारत नाही. तीन साहेब बघितलेत मी.”

ती हसली नाही. तिने सही केली. मग म्हणाली, “आणि कबुलीचं काय कळवू? तो मुलगा दर आठवड्याला त्याच्या वकिलाला विचारतो. झोप लागत नाही म्हणे त्याला.”

“सध्या खटला चालू राहू दे,” मी म्हणालो. खटला चालू नसेल तर जोडणार कशाला, हे तिला सांगायची गरज नव्हती.

टेबलावर आमची फाइल होती. मी ओळखली, नाडी नवी आहे अजून. हात लावला नाही.

२६ फेब्रुवारी

ट्रक येऊन गेला. पोती हमालांनी खांद्यावरून वर नेली, तळघरातून जिन्याने, शिव्या घालत. दोन मांडण्या पूर्ण रिकाम्या झाल्या. बोललं तर आवाज घुमतो आता. सुतळीने ओरडून बघितलं आणि खूश झाला.

वार्षिक बाईची फाइल गेली नाही. वर आहे, आमच्या फाइलच्या खाली. बरं वाटलं. हे दोन शब्द बऱ्याच दिवसांनी लिहितोय, डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही.

हिशेब साधा आहे. खटला जोवर चालू, तोवर ती फाइल सुरक्षित. रीतसर खटला चालला की सहज आठ-दहा वर्षं. तोवर बाई असेल नसेल. मी म्हणणं द्यायचं नाही, बस. काही करायचंच नाहीये. ते मला उत्तम जमतं.

१ मार्च

रविवार. घर पुसून काढलं. एक खोली सोडून.

३ मार्च

संध्याकाळी घरी आलो तर दार उघडं. ही आत बसलेली, चप्पलसुद्धा काढलेली नव्हती. बॅग बरोबर नव्हती. आधी मला वाटलं, काही न्यायला आली असेल.

“चहा टाकू?” मी म्हटलं.

“मी वकीलबाईंकडून आले. तुम्ही वर गेला होतात.”

“हो.”

“मला वाटलं, देवा, गेले एकदाचे सही करायला. आणि ती सांगते, काका आले होते, पण दुसऱ्याच कुठल्यातरी फाइलसाठी.” तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर परवडलं असतं. “कोण आहे ती बाई?”

मी सांगितलं. डेपो, चहावाला, दाढ, सगळं. परिपत्रकही सांगितलं. मी इतकं सलग बोललो याचं मलाच नवल वाटलं. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या बाईला तिच्या मुलाचे शब्द राहावेत म्हणून दोन जिने चढलात.”

“हो.”

“आणि मला माझ्या मुलाचे ऐकायचे आहेत, तर ते अडवून ठेवलेत. त्याच फाइलसाठी.”

मी असा विचार केला नव्हता. खरंच केला नव्हता. वहीची मागची पानं आत्ता चाळून बघितली, कुठेच नाही.

“अगं, खटला संपला तर ती फाइल...”

“संपल्यावर काय होतं फाइलचं?” तिने विचारलं. “तुमच्याकडे येते ना?”

“येते.”

“मग? रद्दीत घालता?”

“छे. मृत्यू आणि शिक्षा असेल तर कायम ठेवतात,” मी म्हणालो. हे मी झोपेतही सांगेन, नव्या माणसांना मीच शिकवतो. “कायमच्या मांडणीत. जोडलेल्या कागदांसकट.”

ती माझ्याकडे बघत होती.

जोडलेल्या कागदांसकट. त्या मुलाने गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली, की दोन्ही फायली कायमच्या राहतात. खटला अडकवून ठेवायची काहीच गरज नव्हती. उलट तो संपायलाच हवा. पुढे साक्षीदार फिरले असते, व्हॅनवाला सुटला असता, तर दोन्ही फायली एकदमच पोत्यात. माझं आयुष्य या नियमात गेलं आणि मला तो दिसला नाही. शिकाऊ पोरालाही समजलं असतं.

“तुम्हाला ती फाइल वाचवायची होती हे खरं,” ही म्हणाली. “पण तुम्हाला ऐकायचं नाहीये. म्हणून दिसलं नाही.”

चहा टाकला. दोघांनी प्यायला. ती परत बहिणीकडे गेली. मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो, बसमध्ये चढताना ती म्हणाली, “मी एकटी नाही ऐकू शकणार हो.”

४ मार्च

वर जाऊन सही केली. वकीलबाईने पाणी दिलं. नको म्हणालो, मग प्यायलो.

१२ मार्च

कोर्ट. आयुष्यभर कोर्टाच्या फायली हाताळल्या, पण आत बसायची पहिलीच वेळ. बाकं फार अरुंद आहेत. पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे.

तो मुलगा उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, गळ्याला काचत असावं. न्यायाधीशांनी विचारलं, स्वतःच्या मर्जीने सांगतोस का? हो म्हणाला. मग सांगायला लागला. न्यायाधीश सांगतील तसं टायपिस्ट लिहून घेत होती. मी तिच्या बोटांकडे बघत बसलो. चांगली टाइप करते, खाली बघत नाही.

पोरगा काय बोलला तेही त्याने सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, जरा मोठ्याने, मग त्याने पुन्हा सांगितलं. हिने माझा हात धरला होता, तिची नखं रुतली. ती रडली. बाहेर व्हरांड्यात त्या मुलाच्या आईने हिच्यासमोर हात जोडले, आणि या दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी टायपिस्ट कधी बाहेर येते ते बघत होतो. तिला सांगणार होतो, कागद चांगला वापरा, स्वस्तातला पिवळा पडतो.

काय बोलला ते इथे लिहीत नाही. ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. लिहीत नाही.

ही घरी आली आहे.

३० मार्च

शिक्षा सुनावली. ही म्हणाली, ठीक झालं. मलाही तसंच वाटतं. म्हणजे वाटायला हवं.

हिने बंद खोलीच्या खिडक्या उघडल्या. मी दारातूनच बघितलं. नंतर बराच वेळ वर्तमानपत्र वाचलं, सकाळीच वाचलेलं.

२९ एप्रिल

फाइल खाली आली. सुतळीने ट्रॉलीवरून आणली आणि माझ्यापासून लांब उभी केली, जशी काही चावणार आहे.

“दादा, मी लावतो. तुम्ही राहू द्या.”

“का? मला लिहिता येत नाही?”

वर्ष लिहिलं, नंबर लिहिला, निकाल लिहिला. नावाच्या जागी नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं. खाली लिहिलं, सोबत जोडलेली फाइल एक, संदर्भासाठी. दोन्हींना मिळून एक नाडी बांधली आणि कायमच्या मांडणीत ठेवली, खालून तिसऱ्या फळीवर, जिथे वाकावं लागत नाही. सुतळी दिवसभर काही गुणगुणला नाही.

हिला रात्री जेवताना सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही वाचलंत? मी म्हणालो, आम्ही वाचत नाही. ती म्हणाली, बरं.

६ मे

वार्षिक बाई आली! मे महिन्यात! सुतळी म्हणाला, आता सहामाही झाली की काय. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं की तळघरातून ट्रक भरून रद्दी गेली. बिचारी धापा टाकत जिना उतरली, पिशवीही आणलेली नव्हती.

“भाऊ, माझी आहे का हो? नाही म्हणू नका.”

“आहे,” मी म्हणालो. “बसा आधी. पाणी घ्या. आता कायमची आहे, दर वर्षी यायला नको.”

तिला पटेना. तेव्हा मी गठ्ठाच काढून आणला आणि तिच्या हातात दिला. डोळ्याचं ऑपरेशन अजून झालेलं नाही, तिने हातानेच चाचपून बघितलं. वरच्या फाइलवरून हात फिरवला आणि थांबली.

“ही माझी नाही. ही जाड आहे.”

“तुमची खाली आहे. तिला जोडून ठेवलीय. वरची राहिली की तुमचीही राहते.”

“कुणाची आहे ही?”

सुतळी मांडणीमागे उगाच काहीतरी सरकवायला लागला.

“माझ्या मुलाची,” मी म्हणालो. “गेल्या जूनमध्ये. गाडीवर होता.”

तिने अरेरे म्हटलं नाही. गठ्ठा मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, “बोलतो का हो त्यात?”

“बोलतो. एका ठिकाणी.”

“मग वाचा की.”

मी म्हणणार होतो, आम्ही फायली वाचत नाही. नाडी सोडली. पान शोधावं लागलं नाही, मधोमधच उघडलं. टायपिस्टने कागद चांगला वापरलाय. मी वाचलं, मोठ्याने, कारण बाईला कमी दिसतं तसं हल्ली कमी ऐकूही येतं:

‘मी त्याचे डोके माझ्या मांडीवर घेतले. तो शुद्धीवर होता. तो म्हणाला, गाडीचा आरसा फुटला का बघा ना. मी म्हणालो, आरशाचं राहू दे, तू बोलू नकोस. तो म्हणाला, गाडी बाबांची आहे, त्यांना सांगू नका, मी उद्या दुसरा बसवून घेतो.’

पुढे काही नाही. पुढे रुग्णवाहिका आली.

बाई ऐकत होती. मान हलवत हसली, आईबाप पोरांच्या खोड्यांवर हसतात तशी. म्हणाली, “बघा! कशाची काळजी लागली होती त्याला. आणि फुटला होता का हो?”

“नाही,” मी म्हणालो. “पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा मी बघितलं होतं. आरशाला काही झालं नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नाही.”

एवढं सांगितलं आणि मला रडू फुटलं. मोठ्याने रडलो, अगदी गळा काढून. रिकाम्या मांडण्यांमुळे फार घुमलं, वरच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. साहेब जिन्यात येऊन उभे राहिले, सुतळीने त्यांना हाताने परत पाठवलं. बाईने गठ्ठा बाजूला ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी रडत होतो. मग तोंड धुतलं आणि हिला फोन केला, की मी आज लवकर घरी येतोय.